आकड्याच्या पावसाला साक्षीदार किती?

21.25 अंश उत्तर, 78.00 अंश पूर्व. मोर्शीचा पाऊस संगणकावर शोधायचा असेल तर हा पत्ता टाकावा लागतो. मोर्शी शहर या बिंदूच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर आहे. भारतीय हवामान विभागाने देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाचे जाळे अंथरले आहे, त्यातल्या एका चौकटीचा हा मध्यबिंदू. चौकट दक्षिणोत्तर सुमारे 28 किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे 26. म्हणजे क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या शिवारात संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी-सोयाबीन-तुरीची वावरे आहेत, सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आहे. या सगळ्यांना मिळून दिवसाला पावसाचा आकडा मात्र एक. 1 जानेवारी 1901 पासून रोज एक.

हा ठेवा मोठा आहे, यात शंका नाही. पुण्याच्या हवामान विभागातल्या डी. एस. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार करून 2014 साली ‘मौसम’ या विभागाच्या नियतकालिकात मांडला. आज तो कुणालाही उतरवून घेता येतो. एका वर्षाची फाइल पंचवीस एमबीच्या आसपास, मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या व्हिडिओएवढी. विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यावर होतात, धोरणांचे अहवाल त्यावर उभे राहतात, लाल-निळे नकाशे त्यातून रंगतात. आणि नकाशा जितका देखणा, तितकी एक साधी गोष्ट विसरली जाते: चौकटीतला आकडा कुणी मोजलेला नसतो, तो काढलेला असतो.

मोजणे ही साक्ष आहे. काढणे हा साक्षींवरून दिलेला निकाल आहे. निकाल चुकीचा असतो असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा तो चांगलाच असतो. पण न्यायालयाच्या निकालपत्रातसुद्धा साक्षीदारांची नावे असतात. पावसाच्या आकड्यासोबत साक्षीदार किती होते आणि तुलना कोणत्या वर्षांशी केली, एवढे सांगितले जात नसेल, तर तो दशांशापर्यंत दिलेला असो की शतांशापर्यंत, त्यावर शेतकऱ्याच्या पैशाचा फैसला होऊ नये. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

आधी साक्षीदार पाहू. साक्षीदार म्हणजे पर्जन्यमापक: एक नरसाळे, खाली पाणी साठवणारी बाटली आणि मिलिमीटरच्या रेघा असलेले मोजपात्र. सकाळी साडेआठला नेमलेला माणूस जातो, नरसाळे काढतो, बाटलीतले पाणी मोजपात्रात ओततो, पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वाचतो आणि वहीत लिहितो. पाऊस नसला तर शून्य लिहितो. तो शून्यही साक्षच असतो, आणि कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे आकड्यांशी खेळणाऱ्यांनी त्या माणसाकडून शिकावे. दिवस साडेआठ ते साडेआठ मोजला जातो, म्हणून काल संध्याकाळी पाच वाजता धो-धो पाणी आले असेल तर वहीत ते आजच्या तारखेला लागते. उपग्रहावरून काढलेल्या कित्येक संचांचा दिवस जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोन संच शेजारी ठेवून ‘एकात पाऊस आहे, दुसऱ्यात नाही’ असा शोध लावणाऱ्याला पुष्कळदा पावसातला नव्हे, घड्याळातला फरक सापडलेला असतो.

असे साक्षीदार देशात किती? पै यांच्या संचात एकूण 6,955 केंद्रांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नरसाळ्याचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे धरा. सगळी तोंडे मिळून 139 चौरस मीटर भरतात. दीड हजार चौरस फूट. अमरावतीतला एक ऐसपैस फ्लॅट. या फ्लॅटच्या गच्चीवर जेवढे पाणी पडले त्यावरून 32.87 लाख चौरस किलोमीटरच्या देशाचा पाऊस सांगायचा आहे. त्यातही ही सगळी केंद्रे एकाच वेळी कधीच चालू नव्हती. 1901 साली सुमारे 1,450 केंद्रांच्या नोंदी मिळतात, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 3,950. देशाच्या क्षेत्रफळात पाव अंशाच्या साडेचार हजारांच्या वर चौकटी बसतात. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत सरासरी तीन चौकटींमागे एक मापक. फाइल उघडली तर मात्र तिन्ही चौकटींत आकडे सारख्याच ऐटीत बसलेले दिसतात. कोणता जागेवर मोजलेल्या पावसाजवळचा आणि कोणता शेजारपाजारच्या ऐकीव माहितीवरचा, हे आकड्याच्या तोंडावर लिहिलेले नसते.

ही ऐकीव माहिती गोळा कशी होते? चौकटीच्या मध्यबिंदूपासून जवळ असलेल्या मापकांचे आकडे घ्यायचे, जवळच्याला जास्त वजन द्यायचे, लांबच्याला कमी, आणि सरासरी काढायची. ही रीत डोनाल्ड शेपर्ड नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने 1968 साली मांडली. विखुरलेल्या बिंदूंमधून सलग पृष्ठभाग कसा काढायचा, हा त्याचा प्रश्न होता. रीत साधी आहे, आणि तिच्यामागे एक गृहीतक आहे: जवळ-जवळच्या जागा सारख्या वागतात. उन्हाच्या बाबतीत ते बरेचसे खरे. झड लागली, दोन-तीन दिवस आभाळ उघडलेच नाही, तर पावसाच्या बाबतीतही खरे. पण जूनमधल्या वळवाच्या सरीला आणि सप्टेंबरच्या गडगडाटी पाण्याला हे गृहीतक कुणी सांगितलेले नसते. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे जुने लोक सांगतात ते याच पावसाबद्दल.

समजा एका दिवशी चार मापकांवर 60, 0, 4 आणि 0 मिलिमीटर नोंद झाली, आणि चारही मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर आहेत. चौकटीत आकडा येईल 16. आता हा 16 मिलिमीटर पाऊस कुणाच्या वावरात पडला? कुणाच्याच नाही. जिथे 60 पडला तिथे नाला फुगला, धुरा फुटला, माती वाहून गेली. जिथे काहीच पडले नाही तिथे सोयाबीनने माना टाकल्या. चौकट म्हणते, छान भिजपाऊस झाला. म्हणूनच चौकटींच्या संचांत दोन खोडी हटकून आढळतात: पावसाचे दिवस खऱ्यापेक्षा जास्त दिसतात आणि मुसळधार पाऊस खऱ्यापेक्षा सौम्य दिसतो. संच बिघडला म्हणून हे होत नाही. सरासरीचा हा स्वभावच आहे.

मग हे जाळे हवे तरी कशाला, असे कुणी विचारेल. हवे, आणि त्याची कारणे भक्कम आहेत. मापक उघडतात, बंद पडतात, कचेरी हलली की जागा बदलतात. नुसत्या केंद्रांची सरासरी काढली तर जिथे मापक दाट तिथलाच पाऊस देशाचा पाऊस ठरतो. जाळ्यामुळे प्रत्येक भूभागाला त्याच्या आकाराएवढे मत मिळते. धरणाच्या पाणलोटात किती पाणी पडले, हवामानाचे प्रारूप खरे ठरले की खोटे, 1918 आणि 1972 यांची तुलना कशी करायची, हे जाळ्यावाचून सांगता येत नाही. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवले की मध्य भारतात 1951 ते 2000 या काळात एकूण पावसात ठळक बदल नसतानाही अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. त्या अभ्यासासाठी आखलेल्या मध्य भारताच्या चौकोनात मोर्शीही येते. हा शोध एक अंशाच्या जुन्या जाळ्यामुळेच लागला. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले, तेही जाळ्याच्याच आधारावर.

पण याच शास्त्राने स्वतःच्या निकालावर अपीलही केले आहे, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकारी यांनी 2012 साली म्हटले की अतिवृष्टीचा कल सगळीकडे एकसारखा नाही. वाढलेली गोष्ट म्हणजे एका जागेचा आणि दुसऱ्या जागेचा फरक. 2019 साली हार्वर्डच्या मरेना लिन आणि पीटर हायबर्स यांनी विचारले की भारतात पाऊस पडला आणि कुणी कळवलाच नाही तर? केंद्रांच्या जाळ्यात 1975च्या आसपास झालेल्या बदलांमुळे हे कल तिरपे झाले आहेत का, असा तो प्रश्न होता. म्हणजे एकाच पावसाविषयी मोठमोठी माणसे वाद घालत आहेत आणि वादाचा मुद्दा शेवटी तोच: साक्षीदार किती होते? शास्त्रज्ञ जो प्रश्न एकमेकांना विचारतात तो विमा उतरवणाऱ्या शेतकऱ्याने विचारला तर त्याला अडाणी का ठरवायचे?

आता निकालाचा दुसरा भाग: तुलना. पाऊस किती झाला हे कळून भागत नाही, तो कमी की जास्त हे कळावे लागते. त्यासाठी ‘एरवी किती होतो’ हे ठरवावे लागते. हे ठरवण्याची गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. आपली नक्षत्रे तेच काम करत आली आहेत. मृग 7-8 जूनला लागतो, एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, आणि मृगात काय व्हावे, आर्द्रात काय, मघात किती, हस्तात कसे, याची अपेक्षा पिढ्यांनी बांधून ठेवलेली. ‘मृग कोरडा गेला’ हे वाक्य म्हणजे सरासरीपासूनची तफावतच आहे, फक्त टक्क्यांशिवायची. त्यात एक शहाणपण असे की तफावत नेहमी वेळेसकट सांगितली जाते. कोणते नक्षत्र कोरडे गेले, हे कळल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

तफावतीचे आणखी एक मोठेपण आहे. मोर्शीच्या पश्चिमेला गाविलगडचे डोंगर आहेत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर. तिथला पाऊस मोर्शीच्या कितीतरी पुढे. दोन्हीकडचे मिलिमीटर सरळ मिसळले तर डोंगराचा पाऊस आकड्यांतून घरंगळत मैदानात येतो. पण प्रत्येक जागेच्या पावसातून तिची स्वतःची सरासरी आधी वजा केली, तर डोंगर आणि मैदान एका भाषेत बोलू लागतात: इकडेही पाचवा हिस्सा कमी, तिकडेही पाचवा हिस्सा कमी. पावसापेक्षा पावसाची तूट दूरवर सारखी असते. म्हणून नॉर्विच, ऑफेनबाख इथले जागतिक पावसाचे संच करणारे लोक आधी तफावतीचे जाळे विणतात आणि मग त्यात सरासरी मिसळतात. सांता बार्बाराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला ‘चर्प्स’ हा संचही उपग्रह, मापक आणि जुनी सरासरी यांची अशीच सांगड घालून सुमारे पाच किलोमीटरच्या चौकटींत पाऊस सांगतो. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवणाऱ्या मोर्शी-वरूडचा पाऊस खऱ्या कॅलिफोर्नियात बसून काढला जातो, ही गंमत मला फार आवडते. पण चौकट लहान झाली म्हणून साक्षीदार वाढले असे होत नाही, हे तिथेही लक्षात ठेवावे लागते. छायाचित्र कितीही मोठे केले तरी न टिपलेला चेहरा त्यात उगवत नाही.

सरासरी कोणत्या वर्षांची, हा प्रश्न तर त्याहून नाजूक. 1935 साली वॉर्सा इथे भरलेल्या हवामानशास्त्रज्ञांच्या परिषदेने 1901 ते 1930 ही तीस वर्षे प्रमाण मानली, तेव्हापासून तीस वर्षांचा दंडक जगभर रुळला. आपला हवामान विभाग मोसमी पावसाच्या अंदाजासाठी पन्नास वर्षांची सरासरी धरतो. 1951 ते 2000 या वर्षांवरून देशाची जून-सप्टेंबरची सरासरी 89 सेंटिमीटर होती. 1961 ते 2010 धरल्यावर ती 88 झाली. 2022 पासून 1971 ते 2020 ही वर्षे धरतात आणि सरासरी 87 आहे. यात लबाडी नाही. पावसाच्या ओल्या आणि कोरड्या पर्वांचा तो भाग आहे, असे विभागाने स्वतःच सांगितले. पण परिणाम पाहा. आज ज्याला आपण शंभर टक्के म्हणतो तो जुन्या 89च्या मापाने जेमतेम 98 टक्के भरतो. मापच आखडले की तूट त्यात मुरते. आजोबांच्या काळी जी तूट वाटली असती ती नातवाला ‘सरासरीइतका पाऊस’ म्हणून मिळते, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते.

नोंद कुठून सुरू होते, यालाही अर्थ आहे. जाळ्याची फाइल 1901ची. वऱ्हाडाला 1899-1900 साली होरपळून काढणारा दुष्काळ, विक्रम संवत 1956 मधला म्हणून जुने लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो या दाराच्या बाहेर उभा राहतो. पावसाची त्याहून जुनी आकडेवारी आहे; पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले बी. पार्थसारथी यांनी 306 केंद्रांवरून 1871 पासूनची महिनावार मालिका बांधली होती. पण दैनंदिन चौकटींवर काम करणारा विद्यार्थी ‘इतिहासातला सर्वांत वाईट हंगाम’ शोधतो तेव्हा त्याचा इतिहास 1901 पासून सुरू झालेला असतो. वऱ्हाडातल्या सर्वांत भीषण वर्षांपैकी एक त्याच्या इतिहासात नाही, हे त्याला फाइल सांगत नाही. गावातला म्हातारा सांगतो.

आता ‘सर्वसाधारण’ या शब्दाकडे वळू. हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीच्या उणे 19 ते अधिक 19 टक्के पाऊस सर्वसाधारण ठरतो. उणे 20 पासून तुटीचा, उणे 60 पासून मोठ्या तुटीचा. हिशोबाला सोपे म्हणून एखाद्या जागेची सरासरी 800 मिलिमीटर धरू. 648 झाला तरी सर्वसाधारण, 952 झाला तरी सर्वसाधारण. मधे 304 मिलिमीटरचे अंतर. तेवढ्या पाण्यात एक पीक निघते किंवा बुडते. आणि एकूण आकडा अगदी 800 भरला तरी काय कळते? कृषी खाते दरवर्षी सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. समजा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेवढा पाऊस झाला, पेरण्या झाल्या, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. दुबार पेरणी आली. बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा गेले. ऑगस्टच्या अखेरीस चार दिवसांत अडीचशे मिलिमीटर पाणी आले आणि सप्टेंबरच्या शेवटी टक्केवारी शंभरावर पोचली. नकाशात ती चौकट हिरवी. तिच्यातला शेतकरी कर्जात.

संत्र्याचे तर आणखी वेगळे. मृग बहार घ्यायचा तर झाडाला मे महिन्यात ताण द्यावा लागतो आणि जूनचे पाणी वेळेवर यावे लागते. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झड लांबली तर फळगळ सुरू होते. म्हणजे एकाच बागेला एका महिन्यात पाऊस नको असतो, दुसऱ्यात हवा असतो, तिसऱ्यात बेताचा हवा असतो. या झाडाला हंगामाची एकूण टक्केवारी सांगणे म्हणजे आजाऱ्याला महिन्याचे सरासरी तापमान सांगण्यासारखे. शिवाय मोर्शी आणि वरूड हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. पाऊस सरासरीइतका आणि बोअर कोरडी, हे इथे एकाच वर्षी एकाच बांधावर घडते. तफावत शून्य आली म्हणून ओलिताची चिंता मिटत नाही.

हे सगळे सरकारला कळत नाही असे नाही. पूर्वी दुष्काळ ठरे तो पैसेवारीवरून, पीक पन्नास पैशांच्या आत आले की. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेने पाऊस आधी पाहायचा ठरवला, आणि नुसत्या तुटीबरोबर पावसातला खंडही मोजायला सांगितला. महाराष्ट्राने 31 ऑक्टोबर 2018 रोजी 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या निकषांवर. खंडाला निकषात जागा मिळाली, हे नक्षत्रांच्या भाषेत बोलणाऱ्या शेतकऱ्याचे जुने म्हणणे कागदावर आले असेच मी मानतो. 2017 पासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. फळपीक विम्याचे हिशोब हवामानाच्या आकड्यांवर चालतात. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरून पंचनामे होतात.

इथेच साक्ष आणि निकाल यांची गल्लत महागात पडते. 65 ही काठावरची रेघ आहे. काठावर मापक लागतो, अनुमान नाही. वरच्या उदाहरणातला 60चा आकडा चौकटीत शिरून 16 झाला. 100 असता तरी तो 26 झाला असता आणि रेघेच्या खूप खाली राहिला असता. एखाद्या मंडळातले केंद्र बंद पडले, त्याच्यावर झाडाची फांदी वाढली, किंवा ते भिंतीच्या आडोशाला बसवलेले निघाले, की ‘जाळ्यावरचा आकडा भरून घ्या’ असा मोह होतो. सोयीचे आहे, स्वस्त आहे, कुठेच कोरी जागा राहत नाही. पण जाळे हे वर्षांची वर्षांशी आणि प्रदेशांची प्रदेशांशी तुलना करण्यासाठी विणले आहे. अमुक गावात अमुक रात्री किती पाणी पडले, याचा पुरावा म्हणून ते उभे करणे म्हणजे जनगणनेच्या अहवालावरून एखाद्या घरातल्या मुलांची संख्या सांगणे.

संगणकावर हे काम करणाऱ्याला कोऱ्या जागेची किंमत पहिल्याच दिवशी कळते. या संचात जिथे आकडा नाही, समुद्र किंवा देशाबाहेरची जमीन, तिथे उणे 999 लिहिलेले असते. ते वगळायला विसरले की सरासरी उणे येते; म्हणजे पाऊस जमिनीतून आभाळात पडू लागतो. ही चूक मी केली आहे, आणि ती लगेच दिसते म्हणून मला ती बिनधोक वाटते. भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची: शेजाऱ्यांवरून भरलेल्या, नीटनेटक्या, शंका येऊ नये अशा आकड्याची. उणे 999 निदान कबूल तरी करतो की इथे मला काही ठाऊक नाही.

कबुलीची ही रीत आपल्याला नवी नाही. मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून. मूळ पोथी हरवल्यावर शिष्यांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले, आणि जिथे दोघांचे सांगणे जुळले नाही तिथे एकाचे दडपून टाकले नाही. अमुकाची ‘वासना’ अशी आहे, म्हणून ते भेदही नोंदवले. मराठीचा पहिला गद्य ग्रंथ साक्षीदारांच्या नावांसकट आला आहे. विखुरलेल्या साक्षींमधून सलग कथन उभे करणे हेच पावसाच्या जाळ्याचेही काम. म्हाइंभटांच्या परंपरेला सातशे वर्षांपूर्वी जे सुचले ते आपल्या नकाशांना का सुचू नये?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: शेतकऱ्याला एवढे तपशील दिले तर तो गोंधळेल, त्याला एक आकडा पुरे. हे मला पटत नाही. जो माणूस बागेचा सौदा करताना मालाची प्रत, फळाचा आकार, वाहतुकीची तूट आणि व्यापाऱ्याचा स्वभाव असा चार पदरी हिशोब उभ्या उभ्या करतो, त्याला ‘या चौकटीत त्या दिवशी दोनच मापक चालू होते’ हे वाक्य कळणार नाही? गोंधळ तपशिलाने होत नाही. टक्केवारी एक सांगते आणि वावर दुसरे सांगते, आणि मधले काहीच कुणी सांगत नाही, तेव्हा तो होतो. मग शास्त्रावरचाच विश्वास उडतो आणि माणूस घटमांडणीच्या भाकितांकडे वळतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याच्या हाती काय दिले ते पाहावे.

म्हणून मागणे साधे आहे. पावसाचा कोणताही नकाशा, कोणताही टक्का जाहीर होईल तेव्हा त्याच्याखाली दोन ओळी असाव्यात: सरासरी कोणत्या वर्षांची, आणि त्या भागात त्या काळात चालू असलेले मापक किती. हंगामाच्या टक्केवारीशेजारी सर्वांत लांब खंड किती दिवसांचा, हा तिसरा आकडा असावा. आणि जिथे पैसा द्यायचा किंवा नाकारायचा आहे तिथे आधी मापकाची वही उघडावी. मापक बंद असेल तर तसे लिहावे आणि जागेवर जावे. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही, नवा कायदा लागत नाही.

उरलेले काम आपले. सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे एक भांडे, मिलिमीटरची पट्टी आणि एक वही एवढे प्रत्येक शाळेला, प्रत्येक ग्रामपंचायतीला परवडते. भांडे झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवावे, रोज सकाळी साडेआठला मोजावे, पाऊस नसेल तर शून्य लिहावे आणि मोजायचे राहिले तर राहिले असे लिहावे. अशा वहीला आज शासकीय मोल नाही, हे मी जाणतो. पण पुढे कधी कुणी 21.25 उत्तर, 78.00 पूर्व या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला की त्या वर्षी मोर्शीत पाऊस सर्वसाधारण होता, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.